मेंदूतला जाळ आणि आपल्याकडचा उशीर

२०१९ च्या मे महिन्यात आमच्या आत्याच्या चटणीत मीठ दुप्पट पडलं. बाहेरच्या माणसाला यात काय एवढं असं वाटेल, पण वर्षाची चटणी म्हणजे काय ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. आत्या चाळीस वर्षं तीच चटणी करत आलेली, संकेश्वरी किती, ब्याडगी किती, लसूण किती, खोबरं किती सगळं तोंडपाठ, कधी चिठ्ठी लागली नाही, डंकावर स्वतः उभी राहून कुटून आणायची आणि त्यात आमच्या तीन घरांचा वाटा असायचा. त्या वर्षी पहिल्याच घासाला सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. ती म्हणाली, मीठ घातलंय का नाही तेच आठवंना म्हणून परत घातलं. आम्ही हसलो, आता वय झालं आत्या, म्हणालो आणि पुढच्या वर्षी चटणी काकूनं करायची असं ठरवून मोकळे झालो.

२०२० लॉकडाऊनमध्ये गेलं, कोण कुणाकडं जातच नव्हतं. २०२१ मध्ये ती महाद्वार रोडवरून भाजी घेऊन निघाली आणि पापाची तिकटीला येऊन थांबली, घराकडं कुठल्या बाजूनं जायचं ते सुचंना. ओळखीच्या एका चप्पलवाल्यानं घरी आणून सोडलं. तेव्हा सुद्धा घरातले म्हणाले ऊन लागलं असंल. डॉक्टरांकडं नेलं, स्कॅन झाला, अल्झायमर हा शब्द पहिल्यांदा घरात आला तो २०२२ मध्ये, आणि तेव्हा डॉक्टर म्हणाले की आजार मधल्या टप्प्यावर आलाय. म्हणजे मीठ दुप्पट पडल्यापासून तीन वर्षं गेली.

माझं शाहूपुरीत मेडिकल दुकान आहे, बी.फार्म. केलंय, औषधांबद्दल वाचायची सवय आहे. गेल्या काही वर्षांत काउंटरवर एक नवीन वाक्य ऐकू यायला लागलंय, 'मेंदूची सूज उतरवणारं काहीतरी द्या'. मोबाईलवर कुठंतरी बघितलेलं असतं की अल्झायमर म्हणजे मेंदूतला दाह, मग दाह कमी करायची कॅप्सूल मागतात. ऐकलेलं अगदीच खोटं नसतं, दाहाचा संबंध खरंच आहे आणि जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळा दाह घडवणाऱ्या एकेका प्रोटीनच्या मागं लागल्यात. पण त्या संशोधनातून जी गोष्ट पुन्हा पुन्हा पुढं येतेय ती कॅप्सूल विकणारा सांगत नाही. दाह किती आहे याच्या इतकाच, किंबहुना जास्त, तो कधी आवरायचा याला अर्थ आहे, आणि आपण इथं नेमके त्या 'कधी' लाच हरतोय. माझं म्हणणं एवढंच आहे की दाहावरचं औषध उद्या निघालं तरी आजच्यासारखंच तीन-तीन वर्षं उशिरा ओळखत राहिलो तर ते आपल्या माणसांच्या कामाचं नसेल, म्हणून औषधाची वाट बघताना लवकर ओळखायची सोय गावपातळीवर आत्तापासून उभी करायला पाहिजे.

आता हे प्रोटीनचं प्रकरण काय ते जरा सविस्तर सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

१९०६ मध्ये जर्मनीत अलोइस अल्झायमर या डॉक्टरनं आपल्या एका पेशंट बाईच्या मेंदूची तपासणी सगळ्यांसमोर मांडली. पेशींच्या बाहेर साचलेला गाळ आणि पेशींच्या आत झालेला दोऱ्यांचा गुंता. आज त्या गाळाला अमायलॉइड म्हणतात आणि गुंता होतो तो टाऊ नावाच्या प्रोटीनचा. या दोन गोष्टी सगळ्यांना माहीत झाल्या, पण ग्लिया, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी, त्यांच्यामध्ये सुद्धा बदल दिसतोय हे त्यानं तेव्हाच नोंदवून ठेवलं होतं, त्याकडं पुढं कितीतरी दशकं कुणी फारसं बघितलं नाही. या ग्लियांपैकी मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतले राखणदार आणि झाडूवाले दोन्ही. स्पेनच्या पीओ देल रीओ-ओर्तेगानं १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखून दाखवल्या. घाण दिसली की गिळायची, जंतू दिसला की बाकीच्यांना हाळी द्यायची, हे त्यांचं काम.

२०१३ हे वर्ष फार महत्त्वाचं. आइसलंडमधल्या एका गटानं आणि त्याच वेळी दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय गटानं दाखवलं की ट्रेम२ नावाच्या जीनमध्ये एक विशिष्ट बदल असेल तर अल्झायमरचा धोका साधारण तिप्पट होतो. हे ट्रेम२ प्रोटीन मायक्रोग्लियाच्या अंगावर असतं, गाळ जाणवला की पेशीला कामाला लावतं. म्हणजे झाडूवाल्याच्या कामात खोट आली तर आजार वाढतो, दाह हा नुसता आजाराच्या मागनं येणारा धूर नाही, हे जीननंच सांगितलं. त्याच वर्षी सीडी३३ नावाच्या दुसऱ्या प्रोटीनवर पेपर आला. ते उलटं वागतं, मायक्रोग्लियाच्या गिळण्याला ब्रेक लावतं, ज्यांच्यात हा ब्रेक जन्मतः थोडा ढिला असतो त्यांना धोका थोडा कमी. आणि त्याच २०१३ मध्ये तिसरं, एनएलआरपी३.

हे तिसरं आपल्या लोकांना चटकन कळेल असं आहे, कारण त्याची ओळख आपल्याला दुसऱ्या रूपात आहे. युरिक अॅसिड वाढून पायाचा अंगठा लालभडक सुजतो ना, रात्री चादरीचा स्पर्श सुद्धा सहन होत नाही, तिथं युरिक अॅसिडचे स्फटिक पेशीत गेले की हेच एनएलआरपी३ जागं होतं, बाकीची प्रोटीनं जोडून घेऊन एक यंत्र बनवतं आणि त्या यंत्रातून आयएल-१ बीटा नावाचा दाहाचा निरोप बाहेर पडतो. मेंदूत अमायलॉइडचा गाळ मायक्रोग्लियानं गिळला की तिथं सुद्धा हेच यंत्र उभं राहतं. जर्मनीतल्या मायकेल हेनेका यांच्या गटानं दाखवलं की ज्या उंदरांना अल्झायमरसारखा आजार होणार होता त्यांच्यातलं एनएलआरपी३ काढून टाकलं तर गाळ कमी साचला आणि स्मरणशक्ती बरीच टिकली. पुढं २०१९ मध्ये टाऊचा गुंता वाढण्यात सुद्धा याचाच हात असल्याचं दिसलं. म्हणून आज बऱ्याच कंपन्या एनएलआरपी३ बंद करणारी गोळी शोधतायत. चौथं नाव सी१क्यू. गर्भातल्या आणि लहान मुलांच्या मेंदूत पेशी-पेशींमधले जादा झालेले जोड छाटायला हे प्रोटीन खुणा करून ठेवतं, तेवढं ते कामाचं, पण २०१६ मध्ये उंदरांत दिसलं की अल्झायमरमध्ये गाळ नीट साचायच्या आधीच हीच छाटणी परत सुरू होते आणि चांगले जोड खाल्ले जातात.

हे वाचून कुणालाही वाटेल की मग सोपं आहे, दाह बंद करा. तसं करून बघितलंय. संधिवातासाठी वर्षानुवर्षं सूज उतरवणाऱ्या गोळ्या खाणाऱ्यांना अल्झायमर कमी होतो असं दिसत होतं, २००१ मध्ये नेदरलँड्सच्या रॉटरडॅममधल्या सुमारे सात हजार लोकांच्या अभ्यासात दोन वर्षांपेक्षा जास्त काळ या गोळ्या घेतलेल्यांमध्ये धोका खूपच कमी निघाला. मग अमेरिकेत सत्तरीच्या वरच्या अडीच हजार लोकांना नेप्रॉक्सेन आणि सेलेकॉक्सिब देऊन नीट चाचणी सुरू केली. हृदयाच्या धोक्याच्या काळजीनं २००४ च्या डिसेंबरमध्ये गोळ्या थांबवाव्या लागल्या, आणि अल्झायमर टाळायला म्हणून फायदा काही दिसला नाही. ज्यांच्यात आजार आतून सुरू झालेला होता त्यांना तर बिलकुल नाही. दुसऱ्या बाजूनं ट्रेम२ ला जोर देणारं एएल००२ नावाचं अँटिबॉडी औषध आलं, लवकरच्या टप्प्यातल्या पेशंटवर चाचणी झाली, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीनं जाहीर केलं की आजाराची गती कमी झाली नाही. मधुमेहाचं आणि वजनाचं सेमाग्लुटाइड, त्यानं दाह उतरतो म्हणून त्यावर सुद्धा फार आशा होती, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या दोन मोठ्या चाचण्या अयशस्वी झाल्या.

एवढं सगळं का फसतंय याचं जे उत्तर मला सगळ्यात पटतं ते मी लहानपणी मामाच्या गुऱ्हाळावर बघितलेलं आहे. काहिलीत रस ओतला की चुलवाणात चिपाडं सारून पहिल्यांदा जाळ मोठाच लागतो, त्या जाळानंच मळी वर येते आणि काढून टाकता येते. तेव्हा जाळ कमी केला तर मळी रसातच राहणार आणि गूळ बिघडणार. पण पुढं पाक घट्ट व्हायला लागला की तोच जाळ वैरी, गुळव्या बुडबुड्यांकडं डोळे लावून बसलेला असतो, मधनंच पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी होते का बघतो, आणि त्याच्या एका हाकेसरशी चार माणसं काहील खाली ओढतात. मामा गुळव्याच्या पाठीमागं उभा असायचा, पण त्या पाच मिनिटांत त्याच्याशी बोलायची त्याची सुद्धा हिंमत नसायची. दोन मिनिटं उशीर झाला की आधण काळं पडलं, दिवसाची मेहनत वाया.

मायक्रोग्लियाचं असंच दिसतंय. उंदरांवरच्या प्रयोगांत गाळ साचायच्या सुरुवातीला ट्रेम२ नसेल तर नुकसान, कारण मायक्रोग्लिया गाळाभोवती कडं करतात ते होत नाही. पण टाऊचा गुंता पसरल्यावरच्या टप्प्यात ट्रेम२ नसलेल्या उंदरांचा मेंदू उलट कमी आक्रसला. प्रोटीन तेच, वेळ वेगळी, परिणाम उलटा. म्हणून दाहावरचं औषध कुणाला द्यायचं यापेक्षा कुठल्या वर्षी द्यायचं हा प्रश्न अवघड आहे, आणि त्यासाठी माणसाचा आजार कुठल्या टप्प्यावर आहे ते आधी माहीत पाहिजे.

हे फक्त उद्याच्या औषधांचं नाही, आत्ता आलेल्या औषधांचं पण हेच आहे. अमायलॉइड काढणारं लेकानेमॅब अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झालं, १७९५ लोकांवर दीड वर्ष चाचणी, आजाराची गती २७ टक्क्यांनी कमी, पण ते फक्त अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्यांना देतात. आत्यासारखी मधल्या टप्प्यावर ओळख झालेली माणसं त्या रांगेत उभीच राहू शकत नाहीत. शिवाय किंमत तिकडं वर्षाला साडेसव्वीस हजार डॉलर, मेंदूला सूज आणि बारीक रक्तस्राव होण्याचा धोका असल्यानं पुन्हा पुन्हा एमआरआय. हे औषध उद्या सकाळी कोल्हापुरात फुकट वाटलं तरी किती जणांना चालेल? माझ्या दुकानात डोनेपेझिलची चिठ्ठी घेऊन जे येतात त्यातले बहुतेक आई किंवा वडील घर सोडून भरकटायला लागल्यावर, नाहीतर रात्रीचं झोपत नाहीत म्हणून पहिल्यांदा डॉक्टरकडं गेलेले असतात. डोनेपेझिल अमेरिकेत १९९६ पासून आहे, लक्षणं थोडी सावरतं, आजार थांबवत नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक वेळी समोरच्याचा चेहरा उतरलेला बघतो.

भारतात साठीच्या वरच्यांत डिमेन्शियाचं, म्हणजे अल्झायमर आणि त्याच्यासारख्या विसरण्याच्या आजारांचं, प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं, असा देशभरच्या मोठ्या पाहणीचा २०२३ मध्ये छापून आलेला अंदाज आहे. बायकांत जास्त, खेड्यात जास्त, कमी शिकलेल्यांत जास्त. आपल्या जिल्ह्याचं चित्र डोळ्यासमोर आणा, पोरं पुण्या-मुंबईला, घरात सत्तरीचं जोडपं, एकमेकांच्या विसरण्याला एकमेकच सांभाळून घेतात.

आशाताई घरोघर जो आरोग्याचा फॉर्म भरतात त्यात साठीच्या वरच्यांसाठी विसरण्याबद्दल एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? प्रश्न ज्यानं घातला त्याचं कौतुकच आहे, नाहीतर हा विषय फॉर्ममध्ये आलाच नसता. पण मुलाचं नाव आणि घराचा पत्ता जाईपर्यंत गूळ काळा पडलेला असतो हो. सुरुवात होते ती नेहमीच्या कामात, चटणीचं मीठ, भिशीचा हिशेब, सिलिंडरचं बुकिंग, देवाची पोथी वाचताना तीच ओळ परत. हे प्रश्न विचारायला मशीन लागत नाही, पण ते म्हाताऱ्या माणसाला एकट्याला विचारून उपयोग नाही, घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारावे लागतात. आणि 'हो' आलं तर पुढं कुठं पाठवायचं याची वाट ठरलेली पाहिजे. आठवड्यातून एक दिवस, एक शिकलेला माणूस, सीपीआरसारख्या जिल्ह्याच्या दवाखान्यात आणि प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात विसरण्याची ओपीडी, तिथं आधी बी१२, थायरॉइड, नैराश्य, ऐकू येतं का हे बघायचं, कारण यातलं काही निघालं तर बरंचसं सुधारतं सुद्धा. रक्तातून पी-टाऊ२१७, म्हणजे त्या टाऊचंच एक रूप, बघायची टेस्ट अमेरिकेत २०२५ च्या मे महिन्यात मान्य झाली आहे, ती इकडं स्वस्त होईल तेव्हा कुणाची करायची हे ठरवायला सुद्धा ही गाळणी आधी लागेलच.

यावर मला दोन आक्षेप नेहमी ऐकायला मिळतात. एक म्हणजे बरं करायला औषधच नाही तर लवकर कळून काय करायचं, उगीच जिवाला घोर. आक्षेप प्रामाणिक आहे, मी पण आधी असंच म्हणायचो. पण लवकर कळलं असतं तर आत्यानं बँकेचं आणि शेताचं स्वतःच्या मर्जीनं लावून दिलं असतं, आम्ही तिच्यावर चिडलो ते चिडलो नसतो, तिचं बीपी आणि शुगर नीट सांभाळली असती. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशननं २०२४ मध्ये १४ कारणं मोजली आणि म्हटलं की ती आवरली तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, सिगारेट, दारू, वजन, बसून राहणं, हवेचं प्रदूषण, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, एकटेपणा, डोक्याचा मार, नैराश्य आणि लहानपणी शिक्षण न मिळणं. शेवटचं वाचून मला राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात सक्तीचं आणि मोफत केलेलं प्राथमिक शिक्षण आठवलं. शंभर वर्षांनंतर मेंदूचे डॉक्टर तेच कारण मोजतायत. आत्याला मात्र चौथीनंतर शाळेतून काढलं होतं, भाऊ शिकले.

दुसरा आक्षेप हळदीचा, म्हणजे दाह उतरवायला आपली हळद आहेच की. आपण सांगलीच्या शेजारचे, हळदीवर आपली श्रद्धा आहे आणि मला त्या श्रद्धेचा राग नाही, रस्सा हळदीशिवाय होतो का. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत दाहाच्या कितीतरी प्रोटीनवर परिणाम करताना दिसतं हे खरं आहे. पण पोटातून रक्तात फारच थोडं जातं आणि अल्झायमरच्या पेशंटवर २४ आठवडे देऊन बघितलं तेव्हा फायदा दिसला नाही. तरी त्याच्या कॅप्सूल मेंदूचा दाह घालवणाऱ्या म्हणून महिना दोन-दोन हजाराला खपतात. मी त्या ठेवणं बंद केलं, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, जाऊ दे. मला वाईट वाटतं ते याचं की तेच दोन हजार रुपये साठवून आईच्या कानाचं मशीन झालं असतं, आणि कान हे त्या १४ कारणांत आहे.

कानासारखंच अंगावर उठणाऱ्या नागिणीकडं लक्ष द्या असं मी सांगेन. वेल्समध्ये २ सप्टेंबर १९३३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना नागिणीची लस मिळाली, त्याच्या आधी जन्मलेल्यांना मिळाली नाही, म्हणजे आठवडाभराच्या फरकानं दोन सारखे गट तयार झाले. २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात लस घेतलेल्यांत सात वर्षांत डिमेन्शिया साधारण एक पंचमांशानं कमी दिसला. नेमकं कशामुळं ते अजून नक्की झालेलं नाही, पण विषाणू परत उठून नसांमध्ये दाह करतो तो टळला हे एक कारण असू शकतं. आपल्याकडं नागीण उठली की अजून मंत्र टाकायला नेतात. लस इथं मिळते, महाग आहे, पण पन्नाशीच्या पुढच्यांनी आपल्या डॉक्टरांना निदान विचारावं तरी.

आणखी एक गोष्ट सरकारनं ऐकावी अशी. ट्रेम२ मधला तो धोक्याचा बदल युरोपी लोकांत सापडला, चीन-जपानमध्ये तो जवळजवळ सापडतच नाही. हरियाणातल्या बल्लभगडच्या जुन्या अभ्यासात तर अल्झायमर आणि त्याचा सगळ्यात मोठा जीन एपीओई४ दोन्ही अमेरिकेतल्या गटापेक्षा कमी दिसले होते. म्हणजे आपल्या मेंदूतल्या दाहाची वाट थोडी वेगळी असू शकते. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पानं दहा हजार भारतीयांचे जीनोम, म्हणजे जीनचे पूर्ण संच, २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुले केले, चांगलंच झालं, पण जीनोमच्या जोडीला माणूस कधी काय विसरायला लागला याची नोंद नसेल तर त्या आकड्यांतून दाहाचं घड्याळ कळणार नाही. ती नोंद दिल्लीत बसून होत नाही, ती गडहिंग्लज, राधानगरी, शिरोळच्या घरांत होते. शिवाजी विद्यापीठात बायोटेक आहे, बायोकेमिस्ट्री आहे, जिल्ह्यात मेडिकल कॉलेज आहे, आशाताई आहेत, ही चार माणसं एका टेबलावर बसली तर पाच हजार घरांची पाच वर्षांची नोंद काय फार खर्चाची गोष्ट नाही.

सुरुवात मात्र फॉर्मपासून करा. पत्ता विसरता का, हा प्रश्न राहू दे, त्याच्या आधी एक घाला, आणि तो घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारा: गेल्या वर्षभरात यांच्या नेहमीच्या हातच्या कामात चूक व्हायला लागलीय का? आमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारला असता तर उत्तर २०१९ च्या मे महिन्यातच 'हो' असं आलं असतं.